हास्य आणि मनःस्वास्थ्य : आधार कुठवर आणि उपचार कुठून?

धागाकर्ता : साक्षीभाव

दीर्घकाळ मानसिक आजार असलेल्या माणसांची घरी काळजी घेणाऱ्यांच्या एका आधारगटाचे काम मी पाहतो. गटातील काही सदस्यांनी सुचवले आहे की, प्रत्येक बैठकीची सुरुवात दहा मिनिटांच्या हास्यव्यायामाने करावी. काहींना ती कल्पनाच सहन होत नाही. ‘घरात जे चालले आहे ते पाहून हसायचे तरी कसे,’ असे एका बाईंनी विचारले आणि ‘म्हणूनच तर हसायचे’ असे उत्तर त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवरून आले. मला दोघींचेही पटले. निर्णय घेण्यापूर्वी या विषयाबद्दल वाचनातून आणि कामातून जे हाती लागले ते इथे मांडतो. जाणकारांनी त्यात भर घालावी, खोडावेसे वाटेल ते खोडावे.

आधी विनोद घडतो आणि मग माणूस हसतो, असा आपला रूढ समज असतो. अमेरिकेतील मज्जाशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हा समज प्रयोगशाळेबाहेर जाऊन तपासला. सार्वजनिक ठिकाणी सहज चाललेल्या संभाषणांत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हसण्याचे १,२०० प्रसंग टिपले, तेव्हा त्यांपैकी जेमतेम १० ते २० टक्के प्रसंगांत आधीचे वाक्य विनोदी म्हणावे असे निघाले. उरलेले हसणे ‘बरं, निघतो आता’ यासारख्या अगदी साध्या वाक्यांच्या मागून आलेले होते. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच अधिक हसतो आणि एकटे असताना जेवढे हसू येते त्याच्या सुमारे ३० पट ते लोकांत असताना येते, असेही त्यांना आढळले. विनोद हे हसण्याचे एक निमित्त झाले. बहुतेक वेळा हसून माणूस समोरच्याला आपल्या आपुलकीची खूण देत असतो.

शरीरात काय घडते, तेही पाहण्यासारखे आहे. मोकळ्या हसण्यात श्वास घेण्यापेक्षा सोडणेच अधिक चाललेले असते. श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायू यांच्या लहान लहान झटक्यांनी हवा बाहेर फेकली जाते, फुप्फुसे नेहमीपेक्षा जास्त रिकामी होतात आणि शेवटी एक खोल श्वास आपोआप आत ओढला जातो. त्याच वेळी हातापायांतला जोर ओसरतो. हसता हसता पायाच्या स्नायूची एक प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, हे संशोधकांनी मोजलेले आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत, गटाने खळखळून हसल्यानंतर माणसांची वेदना सोसण्याची मर्यादा वाढलेली दिसली. पुढे फिनलंडमधील तुर्कू येथील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ पुरुषांच्या मेंदूचे पेट स्कॅन केले, तेव्हा जवळच्या मित्रांबरोबर हसल्यानंतर मेंदूत ओपिऑइड जातीची, म्हणजे वेदना शमवणारी आणि निवांतपणा आणणारी रसायने स्रवल्याचे दिसून आले. १२ पुरुषांवरून सगळ्या मानवजातीबद्दल बोलू नये हे खरेच. पण या प्रयोगांतही हसणारा माणूस एकटा नव्हता, याकडे लक्ष वेधावेसे वाटते.

यावरून माझे मत असे झाले आहे की, मनाला हसण्याचा जो आधार मिळतो तो मुख्यतः सोबतीमुळे मिळतो. ते मत बरोबर असेल, तर रोज किती मिनिटे हसावे हा प्रश्न गौण ठरतो आणि कोणाच्या सहवासात मोकळेपणाने हसता येते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. तरीही काही शंका उरतात. ठरवून, विनाकारण हसण्याचा खरोखर उपयोग होतो का? नैराश्यातल्या माणसाला हसायला सांगणे योग्य आहे का? आणि हास्यव्यायाम कोणी टाळावा? अनुभव आणि अभ्यास, दोन्हींचे स्वागत आहे.

प्रतिसाद : दवबिंदू

मी हास्यवर्ग घेते, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असणार, हे आधीच सांगून टाकते.

विनाकारण हसण्याची ही पद्धत मुळात विनोद पुरेनात म्हणून निघाली. मुंबईतील डॉक्टर मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये एका बागेत अवघ्या पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला, तेव्हा रोज कोणीतरी गोल करून उभ्या असलेल्या लोकांना विनोद सांगत असे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरलेले कोणाला तरी लागणारे किंवा अश्लील निघू लागले आणि लोक तक्रार करू लागले. तेव्हा विनोद बाजूला ठेवून नुसतेच हसायचे असे ठरले, आणि त्यात श्वसनाचे व्यायाम मिसळले गेले. म्हणून आमच्याकडे कोणाचीही थट्टा होत नाही. कारण थट्टेला विषयच नसतो.

वर्गात प्रत्यक्ष काय चालते, ते सांगते. बोटांना बोटे आणि तळव्याला तळवा भिडवून टाळी वाजवायची आणि त्या तालावर ‘हो हो, हा हा हा’ म्हणत फिरायचे. मग एकमेकांच्या डोळ्यांत पाहून हसत अभिवादन करायचे. मधूनमधून हात वर नेऊन दीर्घ श्वास घ्यायचा. पहिली काही मिनिटे फार अवघडलेली जातात. सगळ्यांचा आवाज एकाच पट्टीत आणि एकाच लयीत येत असतो, आणि कवायत चालली आहे हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. मग कोणाचा तरी ताल चुकतो, एखाद्याचा आवाज मध्येच किरटा होतो, कोणी श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज काढतो, आणि त्या क्षणी कवायत मोडून खरे हसू सुरू होते. खऱ्या हसण्याचा सूर वर चढतो आणि तो ठरवून काढता येत नाही. आम्ही वर्ग घेणारे त्याच आवाजाची वाट पाहत असतो. तो काही दिवस येतच नाही. अशा दिवशी मी ओढून ताणून काही करीत नाही, श्वसन करवून वर्ग संपवते.

माझा एकच नियम कडक आहे. ज्याला कडेला बसून नुसते पाहायचे आहे त्याला ‘या ना, लाजता काय’ असे कोणीही म्हणायचे नाही.

प्रतिसाद : पानगळ

साक्षीभाव यांच्या दुसऱ्या शंकेबद्दल लिहिते. मी नैराश्यावरचे उपचार घेत आहे.

आजार सर्वांत तीव्र असतानाही मी चारचौघांत हसत होते. कार्यालयात हसत होते, समारंभात हसत होते, छायाचित्रांतही हसत होते. त्यामुळे मी आजारी आहे यावर घरच्यांचा कितीतरी दिवस विश्वास बसला नाही. ‘कालच तर इतकी हसत होतीस’ हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकले त्यांची मोजदाद करणे शक्य नाही. म्हणून हसणारा माणूस बरा असतो हे गृहीत धरणे हीच या विषयातली सर्वांत महागात पडणारी समजूत आहे, असे मला वाटते. झोप, भूक, कामातले लक्ष आणि आवडीच्या गोष्टींतून उडालेले मन यांकडे पाहावे. चेहऱ्याकडे पाहून निदान करू नये.

याची दुसरी बाजू अशी की, नैराश्यात आनंद वाटण्याची क्रियाच बंद पडलेली असते. अशा वेळी मला कोणीतरी प्रेमाने हास्यवर्गाला नेले. सगळे हसत होते आणि माझ्या आत काहीच हलत नव्हते. आपल्याला हेसुद्धा जमत नाही, एवढाच निष्कर्ष मी तिथून घरी आणला. वर्ग घेणाऱ्यांची त्यात काही चूक नव्हती. त्या वेळी माझी जागा तिथे नव्हती.

मला आधार मिळाला तो माझ्या बहिणीच्या वागण्याचा. ती मला हसवायचा प्रयत्न करीत नसे. ती तिच्या दिवसभरातल्या फजित्या सांगत राही आणि मी हसले नाही तरी तिचा आवाज पडत नसे, ती माझ्या चेहऱ्याकडे परतफेडीच्या अपेक्षेने पाहत नसे. एका संध्याकाळी माझ्या गोळ्यांची नवी बाटली उघडायची होती. लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून करतात तसले तिचे झाकण होते. दाबून फिरवायचे की फिरवून दाबायचे, हे आम्हा दोघींनाही कळेना. तिने ती गुडघ्यांत धरली, फडक्यात धरली, शेवटी तिच्यावरच्या सूचना न्यायालयातला निकाल वाचावा तशा स्वरात मोठ्याने वाचल्या. नैराश्य घालवणारे औषध आपल्याला नैराश्य आणूनच आत घेणार असे दिसते, असे ती म्हणाली आणि मला हसू आले. खरे हसू, पोटातून आलेले. त्याने आजार गेला नाही, दुसऱ्या दिवशीची सकाळ आदल्या दिवसासारखीच जड होती. पण ते यंत्र आत अजून शाबूत आहे, एवढे त्या संध्याकाळी कळले, आणि गोळ्या पुढे नियमित घेण्याइतका भरवसा त्यातून आला.

प्रतिसाद : तर्कटी

पानगळ, तुमचा प्रतिसाद फार मोलाचा आहे. मी तुलनेने कोरडे लिहिणार आहे.

या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत नॉर्मन कझिन्स यांचे नाव निघतेच, त्याआधीच ते घेतो. या अमेरिकी संपादकांनी मणक्याच्या अतिशय वेदनादायक आजारात विनोदी चित्रफिती पाहिल्या, दहा मिनिटे पोट धरून हसल्यावर आपल्याला दोन तास वेदनेविना झोप लागते असे त्यांनी नोंदवले आणि १९७६ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेखही लिहिला. ही गोष्ट पुढे ‘हसून आजार बरा केला’ अशी सांगितली जाऊ लागली. तो एका माणसाचा अनुभव होता, त्याच काळात ते क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्राही घेत होते आणि आपल्या डॉक्टरांशी असलेल्या विश्वासाच्या नात्यालाही त्यांनी तितकेच श्रेय दिले होते. शिवाय त्यांचे म्हणणे वेदनेबद्दल होते. नैराश्याशी किंवा चिंताविकाराशी त्याचा संबंध नंतरच्या लोकांनी जोडला.

‘आधी चेहरा हसरा करा, मन मागून येईल’ या सल्ल्याची कथा अधिक रंजक आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना दातांत पेन धरायला लावून व्यंगचित्रे दाखवली गेली; पेनामुळे चेहरा नकळत हसरा होतो आणि चित्रे अधिक गमतीची वाटतात, असा निष्कर्ष निघाला. तो पाठ्यपुस्तकांत गेला. २०१६ साली १७ प्रयोगशाळांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. नंतर २०२२ साली १९ देशांतील सुमारे ३,९०० लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, हसऱ्या चेहऱ्याची जाणीवपूर्वक नक्कल केल्यास आनंदाची भावना थोडी वाढते असे आढळले. पेनाबद्दल मात्र ठाम काही हाती आले नाही. म्हणजे परिणाम आहे, पण तो लहान आहे, आणि निरोगी माणसांत काही मिनिटांपुरता मोजलेला आहे.

कॉर्टिसॉलचेही तसेच. २०२३ साली आठ अभ्यासांतील ३१५ जणांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा हसल्यानंतर या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी सुमारे एक तृतीयांशाने उतरलेली दिसली. आकडा आकर्षक आहे. पण पातळी तासाभरासाठी उतरणे आणि माणसाचा चिंताविकार उतरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हसण्याच्या अभ्यासात आणखी एक अडचण कायम राहणार आहे : औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, इथे मात्र आपण हसतो आहोत की नाही हे सहभागी माणसाला ठाऊक असतेच.

प्रतिसाद : मनोगती

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. तर्कटी यांनी मांडलेले बरेचसे मान्य आहे. त्यात दोन अभ्यासांची भर घालतो, कारण त्यांनी माझ्या स्वतःच्या अपेक्षा नीट जागेवर आणल्या.

सिडनीतील ३५ वृद्धनिवासांत एक मोठी नियंत्रित चाचणी झाली आणि ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. प्रशिक्षित विदूषक ९ ते १२ आठवडे दर आठवड्याला रहिवाशांकडे जात आणि तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी काहींनाही त्यासाठी तयार केले होते. अपेक्षा अशी होती की नैराश्य कमी होईल. ते लक्षणीय प्रमाणात कमी झाले नाही. पण अस्वस्थपणा, म्हणजे येरझाऱ्या, ओरडणे, हातापायी येणे, हे कमी झाले. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाच्या बाबतीत हा लाभ लहान नाही, आणि ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. दुसरा अभ्यास रुग्णालयांत मुलांना भेटणाऱ्या विदूषकांचा आहे. २०२० साली २४ चाचण्यांचा आणि १,६१२ मुलांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात तपासणी किंवा शस्त्रक्रियेपूर्वीची चिंता विदूषकांच्या सहवासात कमी झाल्याचे दिसले. म्हणून माझ्या मते हास्याचा उपयोग एखाद्या अवघड प्रसंगातून माणसाला पलीकडे नेण्यासाठी चांगला होतो. मूळ आजार उतरवण्यासाठी औषधे आणि मानसोपचार यांच्या जागी त्याला बसवू नये.

आता कोणी टाळावे, याबद्दल. शारीरिक बाजूने अंतर्गळ (हर्निया) असलेल्यांनी, नुकतीच पोटाची, छातीची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, काचबिंदू, अनियंत्रित रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी जोराचा हास्यव्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. दमा असलेल्या काहींना हसण्याने खोकल्याची उबळ येते. हसताना लघवीवर ताबा न राहणे ही बाब बायका कधीच मोठ्याने बोलत नाहीत. त्या नुसत्या वर्गाला येणे बंद करतात. वर्ग घेणाऱ्यांनी ही गोष्ट आपणहून, सहज स्वरात सुरुवातीलाच सांगितली, तर अनेकांची सुटका होईल.

मानसिक बाजू अधिक नाजूक आहे. उन्मादाच्या अवस्थेत हसणे आणि बडबड हे आजाराचेच लक्षण असू शकते, त्याला उत्तेजन देऊ नये. ज्याला संशयाचा आजार आहे त्याला शेजारच्या खोलीतले हसणे आपल्यावरच चालले आहे असे वाटू शकते. आणि ‘तुझ्यावर नाही रे हसत’ एवढे म्हणून ते मिटत नाही. कोणत्याही मोठ्या आजाराविनाही, लोक आपल्याला हसतील या भीतीने गोठून जाणारी माणसे असतात. त्यांतल्या अनेकांना लहानपणी वर्गात किंवा घरात चिडवले गेलेले असते. अशा माणसाला गोल करून उभ्या असलेल्या हसणाऱ्या लोकांत आणून सोडणे क्रूरपणाचे होईल.

प्रतिसाद : शांतरस

हसण्याचे प्रकार सारखे नसतात, हे आपल्याकडे भरताने नाट्यशास्त्रात फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा पायऱ्या त्याने सांगितल्या, आणि स्वतःला हसू येणे व दुसऱ्याला हसवणे यांचीही निराळी दखल घेतली. आधुनिक मानसशास्त्रात कॅनडातील रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली विनोदाच्या चार रीती मांडल्या : माणसे जोडणारी, स्वतःला सावरणारी, दुसऱ्याला टोचणारी आणि स्वतःलाच खाली पाडणारी. पहिल्या दोहोंचा संबंध सुस्थितीतील मनाशी आढळतो. शेवटची रीत नैराश्य आणि चिंता यांच्या सोबतीने अधिक दिसते. गंमत अशी की, स्वतःवर विनोद करणारा माणूस सर्वांना प्रिय असतो आणि त्यामुळे त्याची चौकशी कोणी करीत नाही. स्वतःच्या चुकीला हसणे आणि स्वतःच्या असण्यालाच हसणे यांतला फरक कानाला कळतो, फक्त ऐकण्याची सवय लागते.

काळजी घेणाऱ्यांच्या गटात काळा विनोदही येणारच, आणि तो दाबू नये असे मला वाटते. मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल नाझी छळछावणीत होते, तेव्हा शेजारी काम करणाऱ्या एका मित्राशी त्यांनी ठरवले होते की, सुटकेनंतरच्या आयुष्यात काय मजेशीर घडू शकेल याचा रोज किमान एक किस्सा रचायचा. तो मित्र शल्यचिकित्सक होता. मुकादम कामगारांना घाई करण्यासाठी सतत ओरडत असे. तेव्हा फ्रँकल यांनी रचले की, पुढे तू शस्त्रक्रिया करीत असताना मोठे डॉक्टर येत आहेत हे सांगायला सेवक असाच ओरडत आत शिरेल. त्या हसण्यात कोणाचाही अपमान नव्हता. तुमच्या गटासाठी एवढी रेघ आखून ठेवता येईल : परिस्थितीवर हसावे, समोर नसलेल्या आजारी माणसावर हसू नये.

प्रतिसाद : साक्षीभाव

सर्वांचे आभार. काल या सगळ्यावर गटात बोलणे झाले. बैठकीची सुरुवात हास्यव्यायामाने करायची नाही, असे ठरले. ज्यांना हवा आहे त्यांच्यासाठी तो बैठक संपल्यावर, निराळ्या खोलीत, दार लावून होईल. दवबिंदू यांचा कडेला बसणाऱ्यांबद्दलचा नियम आणि मनोगती यांची शारीरिक सूचना, दोन्ही सुरुवातीलाच सांगितले जाईल. शांतरस, तुमच्या रेघेवर मात्र वाद झाला. एका गृहस्थांचे म्हणणे असे की, त्यांची पत्नी बरी असताना स्वतःच आपल्या आजारपणातल्या गोष्टी सांगून घरादाराला हसवते, आणि ती इथे नाही म्हणून तिचे किस्से सांगायचे नाहीत हे तिलाच आवडणार नाही. त्यावर, तिला विचारून यावे आणि तिने निवडलेलेच किस्से सांगावेत, असे दुसऱ्या एकाने सुचवले. ते सर्वांनी मान्य केले.

प्रतिसाद : ओंजळ

थोडा वेगळा प्रश्न आहे, पण इथे विचारणे योग्य वाटते. माझ्या वडिलांना पक्षाघात झाल्यापासून ते मध्येच हसू लागतात. दुःखाची बातमी सांगतानाही हसतात आणि हसता हसता रडू लागतात. नातेवाइकांना वाटते की ते मजेत आहेत. मला तसे वाटत नाही. हे मानसिक आहे का?

प्रतिसाद : मनोगती

ओंजळ, तुमची शंका योग्य आहे. पक्षाघात, मेंदूला झालेली इजा किंवा मज्जासंस्थेचे काही आजार यांनंतर हसण्या-रडण्यावरचे मेंदूचे नियंत्रण सुटू शकते. ते हसणे त्यांच्या मनातल्या भावनेशी जुळत नाही. अनेकदा आत काहीच मजेचे वाटत नसते आणि असे झाल्याची त्यांना फार लाज वाटते. हे वेड नव्हे, मुद्दाम केलेलेही नव्हे, आणि त्यावर उपयोगी पडणारी औषधे आहेत. त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यावे. जाण्यापूर्वी, असे केव्हा होते, किती वेळ टिकते आणि त्याआधी काय चालले होते, याची नोंद ठेवावी. शक्य असल्यास त्यांच्या परवानगीने एखादा प्रसंग मोबाइलवर चित्रित करून तज्ज्ञांना दाखवावा. नैराश्य या स्थितीच्या सोबतीने असू शकते, त्यामुळे झोप आणि भूक यांबद्दलही सांगावे. तोवर घरच्यांनी असे हसू आले की त्यांच्याबरोबर हसू नये, दटावूही नये. थोडे थांबावे, हवे तर त्यांना सावकाश श्वास घ्यायला सांगावे आणि बोलणे जिथे तुटले होते तिथून पुढे सुरू करावे.